मातेचं नेटवर्क

देवळापुढं अख्खी वाडी जमली होती आणि प्रत्येकाच्या ओंजळीत आपापला फोन होता. मधेच कुणाचा तरी फोन थरथरायचा, वर संदेश यायचा: ‘तुमच्या घरावर करणी झाली आहे.’ त्यावर बोट टेकलं की पडदाभर लाल डोळे उघडायचे आणि बाईची किंकाळी ऐकू यायची.

चौथऱ्यावर भिकाजी महाराज बसले होते. “टॉवर माणसाचा, पण रेंज मातेची,” ते सांगत होते. “फोर जी, फाइव्ह जी, समदं तिच्या पायाखाली. तुमी फोनचं लॉक काढा, नशिबाचं मी काढतो.” फोन लाल कापडाखाली जायचा. महाराज दोन्ही हात कापडात घालून पुटपुटायचे, मग वर अंगारा पडायचा. बाहेर आलेला फोन गप्प असायचा. लोक पाया पडायचे, पुढ्यातली परात नोटांनी भरायची.

मी कामशेतला दवाखाना चालवते. आदल्या दिवशी याच वाडीतल्या सावित्राबाई माझ्याकडं आल्या होत्या. उजवा हात मनगटापर्यंत भाजलेला. “चुलीवर पडले,” म्हणाल्या. चुलीवर पडून हात असा सगळीकडून सारखा भाजत नाही. मी तसं म्हटल्यावर त्या खाली बघत बोलल्या.

“समद्यांचे फोन बाधले, माझाच न्हाई बाधला. म्हाराज म्हनले, करणी हिनंच केली. खरी असशील तर उकळत्या तेलातनं कडं काढ. मी न्हाई म्हनले. मग समद्या वाडीम्होरं तुषारनं माझं मनगट धरलं.”

तुषार त्यांचा मुलगा.

मी पोलिसांत तक्रार दिली. पण नुसतं महाराजाला उचलून नेलं असतं, तर वाडीनं तेही सावित्राबाईंच्याच करणीवर घातलं असतं. म्हणून पोलिसांच्या आधी मी वर वाडीत, देवळापाशी गेले.

तुषार रांग लावत होता. मी विचारलं, “फोन बाधायच्या आधी त्यावर काय आलं होतं?”

“ग्रुपवर मातेच्या दर्शनाची लिंक आली हुती. म्हाराजांनीच टाकलेली.”

“मला पाठव.”

सगळ्यांसमोर मी ती माझ्या फोनवर उघडली. मातेचं चित्र आलं, खाली ओळ होती: ‘दर्शनासाठी परवानगी द्या.’ मी ती मोठ्यानं वाचली आणि दाबली. थोड्याच वेळात फोन थरथरला. माझ्याही घरावर करणी झाली होती.

“बाई, मातेची परीक्षा घेऊ नका,” महाराज म्हणाले.

मी फोन तुषारच्या हातात दिला. “ब्राउझर उघड. सेटिंगमध्ये जा. सूचना कोण पाठवतंय ते बघ. या साइटची परवानगी काढून टाक.”

त्यानं काढली. आम्ही थांबलो. फोन पुन्हा थरथरला नाही. मग रांगेतल्या एकीनं स्वतःचा फोन त्याच्यापुढं धरला, तोही गप्प झाला.

“महाराज कापडाखाली हेच करतात,” मी म्हटलं. “बाधा त्यांनीच पाठवायची, त्यांनीच काढायची. तुम्ही फक्त एकदा हो म्हणायचं.”

“मग आयचा फोन कसा न्हाई बाधला?” तुषारनं विचारलं.

“तिचा फोन बटणांचा आहे. त्यात ही लिंक उघडतच नाही.”

तुषारभोवतीची माणसं हळूहळू मागं सरकली, जणू कढईजवळ त्या दिवशी तो एकटाच होता. महाराज पादत्राणं शोधत होते, तेवढ्यात पोलीस आले. त्यांनी महाराजांना नेलं आणि तुषारलाही.

सावित्राबाई आता सोमाटण्याला बहिणीकडं राहतात. त्यांची दोन बोटं आखडली ती आखडलीच. भाताची लावणी त्यांना जमत नाही. जामिनावर सुटल्यावर तुषार माझ्याकडं आला. “आयला सांगा, घरी ये.” मी निरोप दिला.

“त्याला म्हनावं, मला एकदा इचारायचं हुतंस,” त्या म्हणाल्या. परत गेल्या नाहीत.

फोनवर काहीही उमटलं, तर ते कुठून आलं आणि आपण कशाला हो म्हटलं होतं, ते आधी बघा. आणि कुणी एखाद्या बाईकडं बोट दाखवलं, तर पुरावा त्याच्याकडं मागा, तिच्याकडं नाही. तेल तापायच्या आत मागा. नंतर तुम्हाला कितीही पटलं, तरी तिचा हात तसाच राहतो.