बिस्किटांच्या डब्यातल्या काचा

या, असे पुढे सरका. तिकडे भिंतीला टेकून बसलात तर अर्धी गोष्ट भिंतच ऐकेल. आज सांगायची आहे ती फोन दुरुस्त करणाऱ्या एका माणसाची कथा. हसू नका. माणसाला पारखायला देवाला दर वेळी मोठं संकटच धाडावं लागतं असं नाही, कधी एक तडकलेली काचही त्याला पुरते.

हा माणूस एका संस्थेत नोकरीला होता. संस्थेच्या नर्सबाया घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करत. कुणाला किती वाजता कुठलं औषध, कुणाची जखम कधी धुवायची, कुठला जिना चढायचा, सगळं त्यांच्या फोनवर. फोन बंद पडला की बाईचे हातपायच बांधले जात. म्हणून तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत दुरुस्तीचं एक टेबल होतं आणि त्या टेबलामागे एका डोळ्याला भिंग लावून, हातात चिमटा धरून हा बसे. नर्सबाया त्याला वैद्यबुवा म्हणत. "नाडी बघा हो याची," म्हणत फोन पुढे करत, आणि तोही गंभीर चेहऱ्याने फोन कानाला लावून म्हणे, "पथ्य पाळलेलं दिसत नाही."

तीस जणींकडे संस्थेचे पिवळ्या कव्हरचे फोन होते. मागून आलेल्या तीस जणींना ते पुरले नाहीत, त्या स्वतःचे फोन वापरत. नियम असा, की टेबलावर फक्त पिवळा फोन घ्यायचा आणि घेतला की रजिस्टरमध्ये नोंद करायची. स्वतःचा फोन ज्याचा त्याने बाहेर बघून घ्यावा.

हा नियम वैद्यबुवा सहा वर्षं मोडत आला होता.

त्याची आई शेवटच्या आजारात असताना संस्थेत उशिरा लागलेल्या, पण वयाने थोरल्या अशा एक बाई तिच्याकडे येत. दुखणं असं, की दुपारचं इंजेक्शन चुकलं तर म्हातारी अंथरुणात मुरगळून जाई. एके दिवशी थोरल्या बाई आल्याच नाहीत. चार तास गेले. आल्या तेव्हा दारातच रडू कोसळलं त्यांना. फोन त्यांचा स्वतःचा होता. काच आठ दिवसांपूर्वीच तडकली होती, खालचा अर्धा पडदा काळा पडला होता, आणि दुरुस्तीला द्यायचा तर दोन दिवस बिनफोनचं राहायचं कसं, म्हणून कव्हर घट्ट लावून त्या तसंच रेटत होत्या. त्या दिवशी पडदा काही तास पुरता काळा झाला आणि बदललेली वेळ त्यांना दिसलीच नाही.

आई त्यानंतर महिनाभराने गेली. तिचे दिवस उरकून वैद्यबुवा कामावर आला, आणि पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने थोरल्या बाईंचा फोन मागून घेतला. तेव्हापासून त्याच्या जेवणाची सुट्टी स्वतःचे फोन वापरणाऱ्या बायांची झाली. डबा एका बाजूला उघडा, दुसऱ्या बाजूला उघडा फोन, आणि दोन्हीकडे लक्ष देताना भाजीत कधी स्क्रूही पडे. रजिस्टरमध्ये मात्र अक्षर नाही.

त्याच्या उस्तादाने त्याला एक शिस्त घालून दिली होती. काढलेला भाग वर्षभर फेकायचा नाही. तेच दुखणं परत आलं तर मागचा पुरावा हाताशी हवा. पिवळ्या फोनांचे काढलेले भाग संस्थेच्या कपाटात जात. दुपारच्या फोनांचे तो बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवी, प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवून, वर बाईचं टोपणनाव आणि तारीख. वर्ष उलटलं की ते टाकून देई. त्यामुळे डब्यात कधीही पाहिलं तरी नेमकं एका वर्षाचं दुखणं असे.

आता गोष्टीतली गाठ ऐका. सायकलवरून फिरणारी एक नर्स होती, तिला सगळे सायकलवाली म्हणत. वर्षात तीनदा काच फोडून आणलेली. एका दुपारी ती आली आणि खूश होऊन सांगू लागली, की वर एक पाहणी झाली. स्वतःचे फोन वापरणाऱ्या जणींकडून, फोन बंद पडल्याने वर्षात किती वेळा काम अडलं, हे लिहून मागितलं होतं.

"तुमच्यावर काही येऊ नये म्हणून आम्ही ठरवून शून्य लिहिलं. पकडले गेलात तर आम्ही जायचं कुणाकडे?"

"सगळ्यांनी?"

"तीन नव्या पोरींना निरोप मिळाला नाही, त्यांनी एक-एक लिहिलंय. बाकी शून्य."

वैद्यबुवाचा चिमटा हातातच राहिला. कारण जिन्याजवळच्या फळ्यावरची नोटीस त्याने सकाळीच वाचली होती. पिवळ्या फोनांचे वर्षातले बिघाड अठ्ठ्याऐंशी, स्वतःच्या फोनांचे तीन. स्वतःची वस्तू माणूस जपतो, फुकटची जपत नाही, असं अनुमान खाली लिहिलं होतं. तेव्हा पुढच्या महिन्यापासून पिवळे फोन जमा करावेत, प्रत्येकीने स्वतःचा आणावा, आणि दुरुस्तीचं टेबल बंद करावं. सोमवारच्या सभेत शिक्कामोर्तब.

त्या तीनच्या मागे आपलाच हात आहे, हे त्याला सायकलवालीच्या तोंडून कळलं. साठही जणी आता कव्हर घट्ट लावून फिरणार, आणि कुठल्या तरी घरी कुणी तरी दाराकडे डोळे लावून पडणार. हे सांगावं तर सहा वर्षांची चोरी आपल्याच तोंडाने कबूल करायची. निवृत्तीला आठ महिने उरलेले. गप्प बसला असता तर त्याला गोदामात बसवून, हार घालून निरोप दिला असता.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने पानात वाढलं, समोर बसली, आणि त्याच्या पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तीनदा पाणी प्यायलात, घास एकही घेतला नाहीत. म्हणजे तुमचं ठरलंय. मला कशाला विचारताय?"

सोमवारी सकाळी लवकर येऊन त्याने डबा उघडला, कात्री घेतली आणि प्रत्येक चिठ्ठीवरचं नाव तेवढं कापून टाकलं. तारीख राहू दिली.

संस्थेच्या मॅडम सरळ मनाच्या बाई. वाईट करायचं त्यांच्या मनात नव्हतं, आकडे खरे मानले एवढीच चूक. त्या भिंतीवरचा तक्ता समजावून सांगत होत्या, तेवढ्यात वैद्यबुवा उठला आणि त्यांच्या टेबलावर त्याने डबा उपडा केला. फुटक्या काचा, फुगलेल्या बॅटऱ्या, चार्जिंगचे पॉइंट.

"एकसष्ट आहेत, मॅडम. हे स्वतःच्या फोनांचे, याच वर्षातले. मी दुरुस्त केले, नोंद केली नाही."

मॅडमनी एक काच उचलली, चिठ्ठी पाहिली. "नावं कापलीत?"

"चूक माझी आहे, तर नाव माझं लिहा."

मग त्याने रजिस्टर उघडलं आणि दाखवलं, की अठ्ठ्याऐंशीतल्या तीस नोंदी निव्वळ चार्जिंगच्या भोकातला कचरा टाचणीने काढल्याच्या होत्या. उरले अठ्ठावन्न. मॅडमनी दोन्हीकडे आलटून पालटून पाहिलं. मग विचारलं, "पण आपली वस्तू माणूस जास्त जपतो, हे तरी खोटं नाही ना?"

"जपतो, मॅडम. आणि आपल्या वस्तूचं दुखणं लपवतोही. पिवळा फोन नुसता खरचटला तरी बाई माझ्याकडे येते, कारण तिला विचारायचा हक्क आहे. स्वतःचा फोन मरायला टेकला तरी ती फिरत राहते. तुमच्या कागदावर तो धडधाकट दिसतो."

आणि मग त्याने आईची ती दुपार सांगितली. थोरल्या बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांचं नाव त्याने घेतलं नाही, पण त्याच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ती मी."

तीन दिवसांनी दोन कागद निघाले. पहिला फळ्यावर लागला. पिवळे फोन राहतील, टेबल साठही जणींसाठी उघडं राहील, फोन कुणाचाही असो, नोंद होईल. दुसरा वैद्यबुवाच्या हातात आला. सहा वर्षं नियम मोडल्याबद्दल टेबलावरून बदली, निवृत्तीपर्यंत गोदामात, आणि निरोपसमारंभ नाही. त्याने तो वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला. टेबलावर आलेल्या नव्या बाईला त्याने भिंग दिलं, चिमटा दिला, रिकामा डबा दिला, आणि उस्तादाची शिस्त दोनदा म्हणवून घेतली.

आठ महिने तो गोदामात खोकी मोजत बसला. जेवणाच्या सुट्टीत सायकलवाली रोज खाली यायची. फोन शाबूत असला तरी म्हणायची, "नाडी बघा हो." आणि तो बघायचा.

आता उठण्याआधी एक मागणं आहे. त्या दुपारची एक गोष्ट वैद्यबुवाने सभेत सांगितली नव्हती. चार तास कण्हत पडलेल्या त्याच्या आईने, थोरल्या बाई रडत आत आल्या तेव्हा, इंजेक्शनचं विचारलंच नाही. आधी विचारलं, "उन्हातून आलीस पोरी, जेवलीस का?" त्या म्हातारीचं नाव तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. पण उद्या तुमच्या दाराशी कुणी उशिरा येऊन ओशाळं उभं राहिलं, तर रागवण्याआधी तिची एकदा आठवण काढा.