वळणावर रडणारं चाक

वळणावर ही गर्दी! कठड्यावर पोरं, मागे बायका आणि सगळ्यांत पुढे मौनीबाबा. नावाचेच मौनी, तोंडाला क्षणाची उसंत नाही. उतारावरून ती जुनी जीप आली, डावीकडे वळली आणि पुढच्या उजव्या चाकातून आवाज निघाला, "हूंऽऽऽ..."

"रडली! रडली गं बाई!"

गेल्या वर्षी गिरणीवाल्याची बायको दवाखान्यात नेताना याच जीपमध्ये, याच वळणावर दगावली होती. झालं, तीच रडते असं ठरलं.

"आणि परत येताना इथेच गप्प असते," बाबांनी डोळे मिटले. "का? तिला घराकडे नेताय ना!"

माना डोलल्या. ड्रायव्हर तर पार खचला होता; त्या दिवशी स्टिअरिंग त्याच्याच हातात होतं. त्याची धाकटी बहीण शाळेत शिकवायची. तिच्या जिवाला वेगळाच घोर होता. घरात वहिनीचे दिवस भरत आले होते आणि दवाखान्यापर्यंत जाणारी गाडी ही एकच.

"दादा, गाडी शाळेच्या मैदानात घे," ती म्हणाली.

गर्दीही मागोमाग आली. जीप डावीकडे गोल फिरली, चाक रडलं. उजवीकडे फिरली, गप्प.

"बघा, डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो. त्याचं बेअरिंग झिजलंय, म्हणून घरघरतं. परत येताना तेच वळण उजवीकडचं होतं, म्हणून आवाज नाही. बेअरिंग बदल रे, एका दुपारचं काम आहे."

दादाला पटतही होतं. तेवढ्यात बाबांनी टाळी वाजवली. "पाहिलंत? आता बिचारी मैदानातही यायला लागली!"

घ्या! बेअरिंग राहिलं बाजूलाच.

बाबांनी चाकाच्या मधली टोपी काढली, ग्रीसमध्ये कालवलेली राख बोटांनी आत दाबली, टोपी बसवून वर दोरा बांधला आणि बजावलं, "चाक उघडलंत तर ती घरात येईल." दुसऱ्या दिवशी वळणावर चाक गप्प. बाबांचा जयजयकार झाला.

"दादा, इथे हात लाव, पोळतंय. घट्ट ग्रीसने नुसता आवाज दबलाय आणि राख आत बेअरिंग खातेय."

"तिने शेवटचं पाणी माझ्या हातून घेतलं गं," दादा म्हणाला. "ती शांत झालीय. तेवढं तरी राहू दे मला."

शेवटी ती स्वतःच कात्री घेऊन दोरा कापायला गेली, तर वहिनी आडवी आली. "नको हो वन्सं. बाळ सुखरूप येऊ द्या, मग काय ते करा." पोटावरचा तो हात बघून तिची कात्री खाली आली.

कळा सुरू झाल्या, तिघं निघाली. वळणाच्या अलीकडेच चाक करकरलं आणि जाम झालं. गाडी ना पुढे, ना मागे. दादा रस्त्यावर हाका मारत धावत सुटला. बहीण वहिनीचा हात धरून बसली. दुसरं काय करणार होती ती?

वहिनी वाचली. बाळ नाही.

फिटरने चाक उघडलं. बेअरिंग जळून निळं पडलेलं, आत राखेचा खरखरीत लगदा. त्याने नवं बसवलं. जुनं दादाने मागून घेतलं.

वहिनीला घरी आणायच्या दिवशी वळणावर पुन्हा गर्दी. बाबा सांगत होते, "दोरा सैल पडला होता. आता इथे दोघं रडतात, ऐका!"

दादाने जीप थांबवली आणि जळकं बेअरिंग कठड्यावर ठेवलं.

"हे रडत होतं. दुसरं कुणी नाही. माझी बहीण सांगत होती, मी ऐकलं नाही. पाया पडतो तुमच्या, गाडीतून आवाज आला तर फिटरकडे न्या, माणूस आजारी पडलं तर डॉक्टरकडे. आधी उघडून बघा रे काय बिघडलंय ते!"

कठड्यावरचं एक पोर बेअरिंग बघायला वाकलं. आणि खरंच रडणं ऐकू आलं. लोक दचकून मागे सरले.

जीपच्या मागच्या सीटवर वहिनी रडत होती.