शिंपिणीचा उतारा

माझी भावजय मुलांच्या दवाखान्यात आया आहे. भाऊ गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. दहावी झाली तर तिला नर्सिंगच्या कोर्सला घेणार आहेत, पण त्यासाठी दीड वर्ष दुसऱ्या शहरात वसतिगृहात राहावं लागेल. वयाची अट पंचेचाळीस, आणि तिचं चव्वेचाळिसावं सरत आलंय. मागच्या वर्षी मीच तिला दहावीच्या परीक्षेला बसू दिलं नाही. म्हटलं, उताऱ्यात तू अजून कच्ची आहेस. यंदाच्या अर्जाची उद्या शेवटची तारीख.

एकतीस वर्षं भाषा शिकवली, पण असली विद्यार्थिनी बघितली नाही बाई. पात्र म्हणजे कोण, निवेदक म्हणजे गोष्ट सांगणारा, हे सगळं तिनं भाजी निवडता निवडता पाठ केलं. पण अगदी सुरुवातीला एका उताऱ्यात तापानं फणफणलेला पोरगा आला, तर ही 'मध्यवर्ती कल्पना' या प्रश्नाखाली लिहून मोकळी, 'ओल्या फडक्याने अंग पुसावे. पाणी पाजत राहावे.'

"अगं, उताऱ्यात आहे तेवढंच लिहायचं," मी कपाळावर हात मारून घेतला.

"आणि तोवर पोरगं तसंच तापात ठेवायचं?" ती म्हणाली. रागवावं तरी कसं हिच्यावर?

मग अनुमान शिकवलं. लेखकानं सरळ सांगितलेलं नसतं, पण खुणा ठेवलेल्या असतात. खूण दाखवल्याशिवाय मार्क नाहीत, हे मी तिला शंभरदा बजावलं.

आज पुस्तकातले सगळे उतारे संपले. ती वही मिटायला लागली तशी मी म्हटलं, थांब, अजून एक. आणि घाईघाईनं स्वतःच लिहून दिला. एक शिंपीण होती. तिच्या हाताखालची बाई स्वतःचं दुकान काढायला निघाली. शिंपीण म्हणाली, आधी काजं शीक, मग जा. काजं झाली तर म्हणाली, आता कॉलर शीक, मग जा. कॉलर झाली तेव्हा म्हणाली, बाह्या राहिल्या. प्रश्न: शिंपिणीला काय वाटत असेल? अनुमान काढा.

ती बराच वेळ लिहीत बसली. मग वही माझ्यापुढे सरकवली. 'शिंपिणीला वाटते, हिने जाऊ नये. एकटे राहायची तिला भीती आहे. खूण: शिकवायचे संपले की ती नवीन काहीतरी काढते. रागाने नाही, मायेने.'

लाल पेन हातात घेऊन मी चूक शोधत राहिले. एकही सापडली नाही, आणि माझे डोळे भरून आले.

"बरोबर आहे का, वन्सं?"

"चारपैकी चार. उद्या सकाळीच अर्ज भर."

"म्हणजे झाली माझी तयारी?"

"तुझी तयारी मागच्याच वर्षी झाली होती," मी म्हटलं.