जिन्यात अडकलेली प्रगती

बसा हो या खालच्या पायरीवर, टेका पाठ भिंतीला. एका जावयाची गंमत सांगतो, पोट धरून हसाल.

हा जावई कॉलेजात शिकवायचा. काय, तर युरोपातली मोठमोठी डोकी इतिहासाबद्दल काय बोलून गेली ते. त्याला त्यातलं एकच भारी आवडलेलं, की इतिहास पुढंच जातो. घरात झाडू मारतानाही तेच. म्हणून गल्लीनं नाव पाडलं, पुढेराव.

त्या दिवशी सासूबाईंचं कपाट वरच्या मजल्यावर चढवायचं होतं. सासूबाई वर नटत बसलेल्या. पत्त्यांच्या स्पर्धेची फायनल, जन्मात पहिल्यांदा पोचलेल्या. पुढेरावानं छातीठोक सांगितलं, "आई, तुमची पावडर लावून होईस्तोवर कपाट वर!"

जिन्याच्या वळणावर कपाट अडकलं. दार खालच्या अंगाला, पाठ वर.

सासरे म्हणाले, "जावईबापू, एक पायरी मागं घ्या."

"मागं? बाबा, इतिहास मागं जात नाही!"

"मग गोल फिरवू. जगात सगळं गोल फिरून तिथंच तर येतं."

"हा फार जुना विचार झाला!"

हा पुढं रेटतोय, सासरे गोल फिरवताहेत. कपाट असं रुतलं की मुंगीला वाट नाही.

वरनं हाक आली, "अहो, मी खाली येऊ कुठनं?"

पुढेरावाला घाम फुटला. सासूबाई आत्ता कुठं त्याच्याशी धड बोलायला लागल्या होत्या. तरी पुस्तक सुटतंय होय!

"आई, धीर धरा. दोन उलटे विचार भिडले की त्यातनं तिसरं काहीतरी आपोआप निघतं. युरोपात असंच झालं."

"किती वेळात?"

"शंभरेक वर्षं लागली..."

 वरनं धाड! धाड! कपाटाची मागची फळीच फुटली.

"कडी काढा रे मेल्यांनो!"

कडी काढली तर कोटांच्या गर्दीतनं सासूबाई बाहेर.

"क्रांती!" पुढेराव ओरडला.

"क्रांती गेली खड्ड्यात! माझी पिशवी धरा आणि पळा!"

गडबडीत सासूबाईंच्या पदराला मागं कपाटातला हँगर अडकलेला. फायनलला तो बघून समोर खेळणारी बाई हसता हसता एवढी वाकली, की तिचे सगळे पत्ते दिसले. सासूबाई कप घेऊनच घरी.

कपाट अजून तिथंच आहे. सगळं घर त्याच्या आतनं ये-जा करतं. पुढेराव म्हणतो, "हेच ते तिसरं!" सासरे म्हणतात, "फिरून फिरून जिना तो जिनाच की!"

तुम्ही वर चाललाच आहात, तर एक काम करा. कपाटातनं जाताना तो वाकडा हँगर तेवढा काढून सासूबाईंना द्या. आज परत फायनल आहे, आणि तो लावल्याशिवाय त्या निघायच्या नाहीत.