दुसरी खेप

पळस्प्याच्या प्रयोगशाळेत रंजिता हातमोजे काढत होती, तेवढ्यात पुण्याहून कीर्तीचा फोन आला.

"रंजिता, दुसरी खेप काहीच करत नाहीये गं. पेशी मजेत विभागतायत. पहिल्या खेपेने तर जागच्या जागी थांबल्या होत्या."

पेशीतलं एक एन्झाइम नेमकं काय करतं, हे कीर्तीला शोधायचं होतं. त्यासाठी तेवढंच एन्झाइम बंद पाडणारा छोटासा रेणू रंजिताने आठ महिने खपून घडवला होता आणि दोन खेपांत पुण्याला पाठवला होता. कीर्ती आणि तिचा विद्यार्थी प्रणित यांचा त्यावरचा शोधनिबंध सोमवारी छापायला जाणार होता. आज गुरुवार.

तिने दोन्ही खेपांच्या तपासणीचे आलेख शेजारीशेजारी धरले. रेणू तोच. फरक एवढाच, की शेवटच्या पायरीला वापरलेलं पॅलेडियम काढून टाकायला तिने या वेळी एकदा जास्त गाळलं होतं. म्हणजे पहिल्या खेपेत तो धातू राहिला असेल तर? पेशी रेणूने थांबल्याच नसतील तर?

ती विनायक सरांच्या केबिनमध्ये गेली. प्रयोगशाळा त्यांचीच.

"पहिल्या खेपेतलं उरलंय ना थोडं?" सर म्हणाले. "तेच पाठव. ते चालतंय."

"पण सर, ते का चालतंय..."

"ते त्यांनी बघावं. त्यांनी रेणू मागितला, आपण दिला. उगाच आपलं नाव घालवू नकोस."

कोन गावातल्या घरी आल्यावरही तिचं लक्ष ताटात नव्हतं. "भात निवला गो," बाबा, तुळशीराम, म्हणाले. "जेवायचा नाय का?" ती दोन घास खाऊन उठली.

शुक्रवारी सकाळी सरांना न विचारता तिने कीर्तीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"प्रणितची पीएचडी आहे यावर," कीर्ती म्हणाली.

"माहीत आहे. तुम्ही एन्झाइमवर नुसतं पॅलेडियम टाकून बघा. माझा रेणू घालूच नका. माझं चुकत असेल तर बरंच."

कीर्तीने फोन ठेवला. शनिवारी रंजिताच्या हातून दोन चंबू फुटले. मोबाइल वाजला की ती हातातलं काम टाकून धावायची.

रविवारी दुपारी मेसेज आला. नुसत्या पॅलेडियमनेही एन्झाइम थांबलं होतं. निबंध थांबवला होता.

तिने घाबरतच फोन केला. "प्रणित कसा आहे?"

"बोलत नाहीये कुणाशी." कीर्तीचा आवाज थकलेला होता. "छापून आल्यावर दुसऱ्या कुणी ही चूक दाखवली असती तर काय झालं असतं, एवढंच मी त्याला सांगितलं. बरं, तुझ्या रेणूत काही जीव आहे का?"

"रचनेत एका बाजूला जागा आहे. तीन-चार बदल करून बघते. पण वचन नाही देत."

"नकोच देऊ."

सोमवारी तिने तो मेसेज सरांपुढे ठेवला. त्यांनी वाचला.

"मला न विचारता कळवलंस?"

"हो सर."

सरांनी कपाटातलं रजिस्टर ओढून तिच्यापुढे सरकवलं. "याच पद्धतीने बनवलेले आणखी किती रेणू आपण बाहेर पाठवलेत?"

रंजिताने मोजले. एकोणीस.

"सगळ्यांचे नमुने तपासणीला काढ," सर हळू आवाजात म्हणाले. "आणि ज्यांना पाठवलेत, त्यांना पत्रं मी लिहितो."

ती फ्रीजरपाशी गेली. पहिली कुपी उचलून तिने तिच्यावरचा क्रमांक रजिस्टरशी ताडून पाहिला.