खंडेनवमीची विश्रांती

मैत्रेयी मला पहिल्या दिवसापासून खटकत होती, हे आधीच सांगून टाकतो. मी चांगला माणूस आहे असं वाटून कुणी पुढे फसायला नको.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं डेटा सेंटर आहे. दवाखाने, लॅब, गोदामं यांचे सर्व्हर आम्ही सांभाळतो. एकोणीस वर्षं तिथला प्रत्येक सर्व्हर मी माझ्या हातानं उभा केला. समोर खुर्ची टाकून बसायचं, सीडी घालायची, मशीनला नाव द्यायचं, पत्ता द्यायचा. एकेका मशीनला अख्खा दिवस जायचा, पण काम चोख. मग सहा महिन्यांपूर्वी आमच्या मालकांनी, धर्मेशशेठनी, विठ्ठलवाडीची ही तिशीतली मुलगी आणली आणि माझी खुर्ची रिकामी झाली.

तिची पद्धत अशी. नव्या मशीनला वीज आणि नेटवर्कची वायर द्यायची, बस्स. चालू होताच ते वायरीवरून विचारतं, ‘मी कोण?’ तिनं कोपऱ्यात बसवलेलं एक मशीन उत्तर देतं, ‘तू अमुक. डिस्क पुसून टाक, ही सिस्टिम घे, हे तुझं नाव.’ अर्ध्या तासात कोरं मशीन कामाला लागतं. कुणी हातसुद्धा लावायचा नाही.

“आणि एखादं जुनं मशीनच विचारायला आलं तर?” मी तिला मुद्दाम विचारलं होतं.

“माझ्या मशीनच्या यादीत नाव असेल तर त्याला सोडून देतं, काका. नसेल तर नवं समजून पुसून टाकेल. जुन्यांची नावं भरतेच आहे मी. तोवर एकपण जुनं मशीन रीबूट करू नका, प्लीज.”

तसा कागदही तिनं दारावर चिकटवला. ‘जुनी मशीनं रीबूट करू नयेत.’ खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. माझी सही सगळ्यात वर.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बदलापूरच्या एका लॅबचा फोन आला. दोन दिवस सणाची सुट्टी होती, आता रिपोर्ट उघडत नाहीत म्हणाले. सर्व्हरच्या खोलीत जाऊन बघतो तर त्या लॅबचे तीन जुने सर्व्हर कोरे करकरीत. नवी सिस्टिम, नवी नावं, आत काही नाही. आठवड्याची कॉपी होती म्हणून बरंचसं परत आलं, पण मधल्या पाच दिवसांचे रिपोर्ट गेले ते गेलेच. लोकांना पुन्हा रक्त द्यायला बोलवावं लागलं.

धर्मेशशेठनी आम्हाला केबिनमध्ये उभं केलं. “किसने रीबूट किया? सच बोलो.”

सगळे नाही म्हणाले. मीही छातीवर हात ठेवून नाही म्हणालो. मैत्रेयी नवमीला आणि दसऱ्याला रजेवर होती. पण घरच्या लॅपटॉपवरून तिला सगळीकडे शिरता येतं, हे मला ठाऊक होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या आठवड्यात ती दोनदा जिन्यात फोनवर बोलत होती आणि मला बघून फोन ठेवला होता. शिवाय गेली ती तिन्ही मशीनं मी उभी केलेली. माझीच का?

“शेठ, घरी बसून केलंय तिनं,” मी नंतर एकटा जाऊन सांगितलं. “जुनी मशीनं गेली की जुना माणूसपण जाईल, असा हिशोब आहे.”

शेठनी तिचा पासवर्ड बंद केला आणि सोमवारपर्यंत घरी बसायला सांगितलं. सोमवारी निकाल. तिची नोकरी जाणार हे ऑफिसात सगळ्यांना कळून चुकलं. पर्स उचलताना तिनं माझ्याकडे बघितलं, पण बोलली काही नाही. गप्प बसली म्हणजे दोषीच, असं मी धरून चाललो. खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं.

शेठना पुरावा लेखी हवा होता. म्हणून शनिवारी मी कोपऱ्यातल्या तिच्या मशीनचा लॉग उघडला. कुठल्या सर्व्हरनं किती वाजता ‘मी कोण?’ विचारलं, ते त्यात आपोआप लिहिलं जातं. तिन्ही नोंदी सापडल्या. नवमी, सकाळी अकरा बावन्न. अकरा चोपन्न. अकरा सत्तावन्न.

सापडली, म्हटलं. मग वेळा पुन्हा वाचल्या. नवमीला अकरा बावन्नला त्या तीन मशीनांसमोर मीच उभा होतो. अनवाणी.

खंडेनवमीला हत्यारांना विश्रांती द्यायची, ही आमच्या घरची रीत. त्या दिवशी माझे वडील कोयत्याला हात लावत नसत. मी माझ्या मशीनांना तेच करतो. लॅबला सुट्टी असतेच, तेव्हा दरवर्षी तिन्ही बंद करतो, फडक्यानं पुसतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. आरती झाली की एकेक बटण दाबून चालू करतो. आजवर काही बिघडलं नव्हतं, कारण आजवर त्यांना उत्तर द्यायला वायरीवर कुणी बसलेलं नव्हतं.

बंद करून चालू करणं म्हणजेच रीबूट, हे मला कळत नाही असं नाही. एकोणीस वर्षं तेच केलं. पण त्या दिवशी मी रीबूट केलंच नव्हतं. मी विश्रांती दिली होती. शेठनी विचारलं तेव्हा पूजा माझ्या डोक्यात आलीसुद्धा नाही.

तिथूनच शेठना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मेरे को क्या बताता है? उसको जाके बोल. और सोमवार को काम पे बुला.”

विठ्ठलवाडी डेपोमागच्या चाळीत मैत्रेयीचं घर आहे. दार तिनंच उघडलं. मी उंबऱ्यावरच उभ्या उभ्या सगळं सांगितलं, माफी मागितली.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “लॅबचा फोन आला ना, तेव्हाच लॉग बघितला मी. अकरा बावन्न. पूजेचा फोटो तुम्हीच ग्रुपवर टाकलेला.”

“मग शेठसमोर बोलली का नाहीस गं?”

“कोणी ऐकलं असतं माझं? लॉग माझ्याच मशीनचा, आणि तुम्ही छातीवर हात ठेवून नाही म्हणालात. मला वाटलं, मुद्दाम केलंय तुम्ही. मला घालवायला.”

“मुद्दाम नाही गं! खरंच ध्यानात आलं नाही माझ्या. पूजा केली मी, दुसरं काही नाही.”

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. रागानं नाही, मी तिच्याकडे सहा महिने बघत होतो तसं.

“काका, माझ्या जागी तुम्ही असता, तर ह्याच्यावर विश्वास ठेवला असता?”

मला स्वतःची फार लाज वाटली.

“नसता ठेवला,” मी म्हणालो.

तिनं मान डोलावली आणि सोमवारी किती वाजता यायचं ते विचारलं.