जास्तीचा पिवळा

राग माझ्या नाकावर असतो, हे घरात आणि कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून त्या सोमवारी नंदकुमारशेठनी छापलेल्या साडीचा नमुना माझ्यापुढे टाकला आणि स्वतः दोन पावलं मागे सरकले. मी मोरपंखी रंग दिला होता. कापडावर उतरला होता शेवाळी.

"कुसुमबाई, ही दुसरी खेप," शेठ म्हणाले. "गुरुवारी नमुना बरोबर आला नाही, तर मी डिझाइनं सुरतेहून मागवीन. मग नाराज होऊ नका."

बावीस वर्षं मी या छपाई कारखान्यासाठी डिझाइनं काढते. वीस वर्षं कागदावर ब्रशनं, आणि गेली दोन माझ्या लेकीच्या, निर्मलाच्या, जुन्या लॅपटॉपवर, कारण शेठनी कागद घेणंच बंद केलं. पन्नाशीत माउस धरायला शिकले. एवढं करून काम हातचं जाणार, याची भीती वाटली. तोंडातून मात्र रागच निघाला. रंग कालवणारा दगा नावाचा कारागीर तिथंच उभा होता. आमचे जुने रंगमास्तर सुकलाल दिवाळीनंतर काम सोडून जसोंडीला आपल्या केळीच्या मळ्यात गेले, त्यांच्या जागी हा आलेला.

"याला मोरपंखी कशाला म्हणतात ते तरी माहीत आहे का?" मी चारचौघांत विचारलं. "सुकलाल मास्तरांच्या हातून दोन वर्षांत एक रंग चुकला नाही."

"बाई, आफिसच्या कंप्युटरवर जसा दिसला तसाच कालवला ना मी," दगा खाली मान घालून म्हणाला.

मी लॅपटॉप पिशवीतून काढून शेठसमोर उघडला. माझ्या जागेवरून मोरपंखी झकास दिसत होता. शेजारी उभ्या शेठना तो काळपट दिसला, वाकून पाहिलं तर पांढुरका. "यात मी काय पाहू?" ते म्हणाले. पुरावा हातात असून दाखवता येईना, माझा नुसता चडफडाट झाला. तिथून मी तडक आमच्याच शहरातल्या लालबाग भागात दिगंबरच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात गेले.

त्यानं लॅपटॉप उलटसुलट करून पाहिला. "ताई, मशीन ठीक है. पण डिस्प्ले एकदम हलका आहे. आयपीएस पॅनल टाकून देतो. इधरसे देखो, उधरसे देखो, कलर सेमच दिसणार. इंदूरहून मागवतो, बुधवारी सकाळी या."

"चांगल्यातला चांगला मागव," मी म्हणाले. "मला एका माणसाला खोटं पाडायचंय."

बुधवारी मी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर हजर. दिगंबरनं पडद्याभोवतीची प्लास्टिकची चौकट नखानं सोडवली, बारके स्क्रू काढले, जुना पॅनल पालथा घालून त्याची केबल अलगद उपसली आणि नव्याला जोडली. पडदा उजळला. खरंच, कुठूनही पाहा, चित्र हलत नव्हतं. मी खुशीत साडीची फाइल उघडली.

माझा मोरपंखी शेवाळलेला होता.

"अरे, हा पॅनल पिवळा आहे! बदलून दे आत्ताच्या आत्ता!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले, की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला.

दिगंबर शांतपणे म्हणाला, "रुको ताई." त्यानं पडद्यावर कोरं पान उघडलं आणि शेजारी खराखुरा कागद धरला. दोन्ही सारखेच पांढरे. "पुराने पॅनलवर सफेदही निळसर होता. तुम्हाला त्याची आदत पडली, बस."

पिशवीत दगानं छापलेला नमुना होता. तो पडद्याला टेकवला. रंग तोच, तसूभर फरक नाही.

म्हणजे दगानं माझ्या फाइलबरहुकूम काम केलं होतं. माझा जुना पडदाच निळसर, त्यामुळे प्रत्येक रंगात मी नकळत पिवळा वाढवत होते. त्या गरीब माणसाला मी चारचौघांत बोलले, या शरमेनं कान तापले. पण मग आधीच्या साड्या बरोबर कशा छापल्या गेल्या? मी दोन वर्षांच्या फाइली एकेक करून उघडल्या. सगळ्यांत पिवळा जास्त. आणि छापून आलेल्या एकाही साडीत तो नव्हता.

सुकलाल मास्तर! वीस वर्षं माझे कागद पाहून त्यांनी रंग कालवले होते. माझा मोरपंखी त्यांना पाठ होता. पडद्यावर काहीही दिसो, ते माझा जास्तीचा पिवळा गुपचूप कमी करत होते आणि मी त्या लॅपटॉपवर फुशारक्या मारत होते. मला दुकानातच रडू आलं. दिगंबर घाबरून म्हणाला, "ताई, वॉरंटी है!"

दुपारपर्यंत तिथंच बसून मी साडीचे सातही रंग नव्यानं लावले.

गुरुवारी कारखान्यात गेल्यावर आधी दगाची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर, मोठ्यानं, कारण बोललेही मोठ्यानंच होते. तो इतका गोंधळला की त्यानंच मला नमस्कार केला. मग त्यानं फाइलबरहुकूम रंग कालवला. नमुना वाळल्यावर शेठनी तो दारातल्या उजेडात लॅपटॉपशेजारी धरला, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, खाली बसूनही पाहिलं.

"छापा," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

त्याच दुपारी नमुन्याचा तुकडा घेऊन मी जसोंडी गाठली. मास्तर मळ्यात पिल्लं कापत होते, केळीच्या बुंध्याशी फुटलेली. मला पाहून त्यांनी हात धुतले.

"मास्तर, दोन वर्षं तुम्ही माझा पिवळा कमी करत होता. एकदा तरी सांगायचं!"

ते हसले. "तुमाले पह्यल्याच महिन्यात सांगतलं असतं, तं तुमी ते मशीन फेकून घरी बसल्या असत्या. कागद तं शेठ घेतच नव्हते. मंग काम गेलं असतं ना तुमचं."

खरंच होतं ते. तशीच वागले असते मी. तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हात धरला आणि बराच वेळ उलटून पालटून पाहिला.

"याच्यातला पिवळा कोनं काढला?"

"मी."

"दगानं काही नाही केलं?"

"काही नाही. जसा दिसला तसाच कालवला."

मास्तरांनी तुकड्याची नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. "मंग हा माह्याजवळ राहू द्या," ते म्हणाले.